आर्डिस बसली का?

“वर आहे तोवर विमान तुमचं, चाक गवताला लागलं की माझं.”

आर्डिस क्वामे हे वाक्य एकतीस वर्षं म्हणत आली. नव्या वैमानिकाला ती ते हसून सांगे, जुन्याला न हसता सांगे, आणि इंजिन थांबायच्या आधीच दार उघडून पाय बाहेर टाकणाऱ्याकडे काही न बोलता नुसती बघे. तेवढं पुरे होई. माणूस पाय आत घेई.

टॉर्गर्सनांचं कुरण टेकाडाच्या माथ्यावर आहे. तीन बाजूंना ओढ्यांच्या दऱ्या, दऱ्यांत मका, आणि पश्चिमेला दूरवर मिसिसिपीची चकाकती रेघ. ऑगस्ट उजाडला की लसूणघासाची कापणी होते, गठ्ठे कोठारात जातात आणि तो माथा नुकत्याच न्हाव्याकडून आलेल्या डोक्यासारखा स्वच्छ दिसू लागतो. मग महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आकाशातून विमानं उतरायला लागतात. मोठी नव्हेत. दोघांची, चौघांची, कापडाची, पत्र्याची. एखाद्यानं आपल्या गॅरेजात सात वर्षं खपून बांधलेली. सत्तर-ऐंशी येतात, रांगांनी उभी राहतात, आणि ज्याचं विमान तो त्याच्याच पंखाखाली तंबू ठोकून दोन रात्री राहतो. सकाळी पॅनकेक, संध्याकाळी चर्चवाल्यांच्या लांबलचक शेगडीवरची कोंबडी आणि उकडलेली कणसं, मधल्या वेळात दुसऱ्याच्या विमानाला नावं ठेवणं. फ्लाय-इन म्हणतात ते हेच. लग्नाला जाणार नाहीत अशी माणसं इथं न चुकता येतात.

आर्डिस पहिल्यांदा आली ती रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्यांचं ताट घेऊन. कुरणाचा मालक ऑर्लिन टॉर्गर्सन तिचा मावसभाऊ. त्या वर्षी विमानं लावून घेणाऱ्या माणसाच्या पापणीला गांधीलमाशी चावली आणि डोळा बटाट्याएवढा सुजला. वर चार विमानं घिरट्या घालत होती, आणि खाली गवतावर तीन विमानं भांडखोर जावांसारखी एकमेकींकडे तोंड करून अडकली होती. आर्डिसनं ताट बाकावर ठेवलं आणि ती सरळ कुरणात चालत गेली. विमानाला तिनं तोवर हातही लावला नव्हता. पण सकाळ-संध्याकाळ चाळीस गाई गोठ्यात आणायची तिला लहानपणापासून सवय. तिनं दोन्ही हात पसरले, पहिल्या वैमानिकाच्या डोळ्यांत बघितलं आणि सावकाश उलट्या पावलांनी चालू लागली. विमान तिच्यामागे आलं. मग दुसरं आलं. मग तिसरं.

“गाय काय आणि वैमानिक काय,” ती पुढं सांगायची, “मागून ओरडायचं नाही, पळायचं नाही, आणि कुठं जायचं ते आपणच ठरवलं असं त्यांना वाटू द्यायचं.”

तेव्हापासून नारिंगी जाकीट तिच्या अंगावर आलं ते एकतीस वर्षं उतरलं नाही. गवताचे गठ्ठे बांधायच्या सुतळीनं ती गुरुवारीच रांगा आखून ठेवी. तिच्या पिकअपमध्ये मेखा, घण, दोर, निशाणं असा सगळा संसार असे. नदीपलीकडच्या तिच्या शेतावरून इथं यायला पुलाचा वळसा घालून दीड तास लागे. तिचा नवरा लाइल कधी आला नाही. तो म्हणे, गाईंना फ्लाय-इन कळत नाही.

तिचे नियम थोडे होते आणि त्यांतला एक कुरणाच्या तोंडाशी फळ्यावर लिहिलेला होता: तीन मेखा स्वतःच्या, नाहीतर मुक्काम नाही. त्यालाही कारण घडलं होतं. एका वर्षी एक गोड बोलणारा माणूस मेखा विसरून आला. आर्डिसला त्याची दया आली. तिनं त्याला तंबूच्या खुंट्यांनी विमान बांधू दिलं, आणि शेजाऱ्यानं त्याला आपली एक मेख उसनी दिली. संध्याकाळी वादळ उठलं. छोट्या विमानाचं वजन ते किती. होल्स्टीन गाईच्या निम्मं. वारा पंखाखाली शिरला आणि विमान उठून पलीकडच्या दोन विमानांवर जाऊन बसलं. शेजाऱ्याचं विमानही एका मेखेनं कमी पडलं आणि गरकन फिरलं. माणसं सगळी कोठारात होती म्हणून वाचली. ती तीन मोडकी विमानं दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवताना आर्डिसनं पाहिली, आणि घरी जायच्या आधी फळा रंगवला.

नुसत्या फळ्यावर ती थांबली नाही. मेखा ठोकून झाल्या की आर्डिस प्रत्येक दोर कमरेला गुंडाळायची, टाचा रोवायची आणि अदृश्य खुर्चीत बसावं तशी मागे बसायची. पावणेदोनशे पौंडांची बाई. मेख हलली तर विमान नापास. त्यावरून कुरणात बोलायची एक रीतच पडली. तंबू उघडायच्या आधी, बाटली उघडायच्या आधी, शेजारी शेजाऱ्याला विचारी, “आर्डिस बसली का?” बसली असेल तर सगळं ठीक. आयोवातल्या एका विमानतळावरही आता लोक असं विचारतात म्हणे. त्यांना आर्डिस कोण ते ठाऊक नाही.

आणि या एवढ्या वर्षांत ती स्वतः झोपली कुठं, तर ऑर्लिनच्या अवजारांच्या शेडमध्ये. पेरणीयंत्र आणि फवारणीयंत्र यांच्या मधोमध लोखंडी खाट, अंगावर घोंगडी, नाकात डिझेलचा वास. सकाळी दव पडलेल्या रांगांतून ती चालत जाई तेव्हा पंखापंखाखाली लोक तंबूतून अर्धे बाहेर येऊन कॉफी उकळत असत. केस विस्कटलेले, चेहरे मुलांसारखे. ते तिला कपभर देत. ती उभ्याउभ्याच पिई आणि मनात म्हणे, पुढच्या वर्षी.

सहासष्टाव्या वर्षी तिनं शिकायला सुरुवात केली. लाइलला सांगितलं तेव्हा तो धार काढत होता. त्यानं मान वर केली नाही. “स्वयंपाकघरातून गोठ्यात येताना तू दोनदा अडखळतेस,” तो म्हणाला.

“म्हणूनच,” आर्डिस म्हणाली. “वर अडखळायला काही नाही.”

अडुसष्टाव्या वर्षी परवाना मिळाला. जुनं चँप विमान मिळालं: एकापुढे एक अशा दोन जागा, कापडाचे पंख, पिवळा-तांबडा रंग, ताशी ऐंशी मैल म्हणजे अगदी डोक्यावरून पाणी. लाइलनं गाईंचं कुरण थोडं सपाट करून तिला धावपट्टी करून दिली आणि स्वतः एकदाही बसला नाही. मग दोन उन्हाळे तिनं ड्वेनला तयार केलं. ड्वेन पेल्की दुधाचा टँकर चालवणारा, पंचेचाळिशीचा, उंच आणि इतका बारीक की फाटकाच्या गजांतून निघून जाईल. बोलायला कमी, मोजायला पक्का. आर्डिसला असाच माणूस हवा होता. या वर्षी, सत्तर पुरी झाल्यावर, तिनं जाकीट त्याच्या हातात दिलं. या वर्षी ती वरून येणार होती आणि आपल्या पंखाखाली झोपणार होती.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला पिवळा-तांबडा ठिपका नदीवरून आला. ड्वेन रांगेच्या तोंडाशी उभा होता. चँप एकदा उसळलं, दुसऱ्यांदा जरा कमी उसळलं आणि मग गवतात बसलं. शेगडीजवळची माणसं चिमटे खाली ठेवून टाळ्या वाजवत होती. ड्वेननं दोन्ही हात पसरले, पाठ न वळवता सावकाश मागे मागे चालत गेला, आणि पाचव्या रांगेत सुतळीपाशी मुठी मिटून तिला थांबवलं. इंजिन बंद झालं. आर्डिस इतकी हसत होती की तिचं दार उघडायचं राहून गेलं.

“चाक गवताला लागलं, बॉस,” ड्वेन खिडकीशी वाकून म्हणाला. “आता हे माझं.”

“तीनदा लागलं,” ती म्हणाली. “तीनदा तुझं.”

शेजारच्या विमानाखाली तुआ लोर बसला होता. हा ला क्रॉस शहरातला, लाओसहून आलेल्या ह्मोंग लोकांतला पोरगा; पोरगा म्हणजे आता दोन मुलांचा बाप, कारखान्यात यंत्रांवर काम करणारा, नऊ वर्षं न चुकता येणारा. वडीलधाऱ्या बाईला नावानं हाक मारायची त्याच्या घरची रीत नव्हती. आर्डिस त्याची मावशी होती.

“मावशी, ये. चिकट भात आहे, मिरचीचा ठेचा आहे. आधी खा.”

“आधी बांधते,” आर्डिस म्हणाली, आणि मागच्या सीटवरचं सामान काढू लागली. तंबू निघाला. झोपायची पिशवी निघाली. पाण्याचा डबा, बॅटरी, कोट, रुबार्बच्या वड्यांचं झाकलेलं ताट. मग तिनं सीटखाली हात घातला. मग सीटमागे. मग ती विमानाच्या पंखाला टेकून उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

चँपला वजन झेपतं ते मोजकंच. म्हणून तिनं सकाळी एकेक वस्तू वासरांच्या खाद्याच्या काट्यावर ठेवून मोजली होती. मेखांची पिशवी सगळ्यांत जड, म्हणून ती शेवटी मोजली. आकडा पाटीवर लिहिला. आणि पिशवी काट्यावरच राहिली. एरवी मेखांची आठवण ठेवायची तिच्यावर वेळच आली नव्हती; त्या पिकअपमध्येच राहत, आणि पिकअप घरी होती. एकतीस वर्षं जिनं लोकांना मेखा विचारल्या, ती स्वतः मेखा विसरून आली होती.

तिनं लाइलला फोन लावला. तो इतका वेळ हसला की तिनं फोन कानापासून लांब धरला.

“काट्यावरच आहेत,” तो म्हणाला. “वीस पौंड भरतायत. आणू? गाय व्यायला आलीय, आत्ता सोडता येत नाही; धार काढून निघालो तर आठाला पोचेन.”

“सहाला वादळ आहे.”

लाइलचं हसणं थांबलं. “मग घरी ये, आर्डिस,” तो म्हणाला.

ड्वेननं सगळं ऐकलं होतं. नोंदणीच्या टेबलावर हवामानाचा कागद एक वाजता लागला होता: सहाच्या सुमाराला पश्चिमेकडून वीज, पाऊस, ताशी पन्नास मैलांचा वारा. असा कागद लागला की कुरणात उतरणं बंद, फक्त उडून जाता येतं; आणि पाऊस पडला की हे कुरण दोन दिवस चिखलाचं; कुणी उतरत नाही, कुणी उडत नाही. म्हणजे आज जी घरी गेली तिचं या वर्षीचं फ्लाय-इन संपलं. सत्तराव्या वर्षी माणूस पुढच्या वर्षाची भाषा जपून करतो.

“मावशी, माझी एक घे,” तुआ म्हणाला. “माझ्या बऱ्या लांब आहेत. मला दोन पुरतील.”

आर्डिसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुला दोन पुरत नाहीत. कुणालाच पुरत नाहीत.”

मग ती ड्वेनकडे वळली. तो पायाच्या अंगठ्यानं गवत उकरत होता. सगळ्या रांगेचं लक्ष त्याच्याकडे. कुणीतरी मागून म्हणालं, “अरे, आर्डिस आहे ती. तिला कसला नियम?”

ड्वेननं मान वर केली. त्याचे कान लाल झाले होते. “साडेतीन,” तो म्हणाला. “साडेतीनपर्यंत नीट बांधलेलं दिसलं तर मुक्काम. नाहीतर मी स्वतः प्रोपेलर फिरवून तुम्हाला वाटेला लावणार. वादळाच्या आधी वेळेत घरी पोचाल.”

रांगेत कुजबुज झाली. आर्डिसला मात्र एवढ्या अडचणीतही आतून उकळीसारखा आनंद झाला. माणूस तिनं बरोबर निवडला होता.

“तू मला राहा म्हणाला असतास ना,” ती म्हणाली, “तर मी जाकीट परत घेतलं असतं.”

मग ती शेडकडे निघाली. तिथं ऑर्लिन टॉर्गर्सन उलट्या बादलीवर बसून कणसं सोलत होता. तीनशे पौंडांचा माणूस. बादली दिसत नव्हती, अधांतरी बसल्यासारखा वाटत होता.

“ऑर्लिन, मला तुझ्या कुरणात तीन मेलेली माणसं पुरायची आहेत.”

ऑर्लिननं कणीस खाली ठेवलं. मागून आलेला तुआ थबकला. “मावशी, कोण मेलं?”

“अजून कोणी नाही,” ऑर्लिन म्हणाला. “पण माझ्या लसूणघासात खड्डा केला तर एक जण मरेल.”

तारेचं कुंपण घालणारे ज्याला मेलेला माणूस म्हणतात तो एक साधा खांब असतो. कोपऱ्याचा खांब तारेच्या ताणानं वाकू नये म्हणून बाहेरच्या बाजूला जमिनीत दुसरा खांब आडवा पुरतात आणि त्याला तार बांधतात. तो वरून दिसत नाही, बोलत नाही, पण काय वाटेल ते झालं तरी सोडत नाही. आर्डिसच्या बापानं असे शंभर पुरले होते, आणि ऑर्लिनचा सगळा उन्हाळा लहानपणी तिच्यासोबत त्या खड्ड्यांत गेला होता.

“कुंपणाचे जुने देवदार खांब आहेत ना तुझे, गोठ्यामागे?” आर्डिस म्हणाली. “तीन दे. हिरवळीचे तुकडे चौकोनी कापून बाजूला ठेवीन, रविवारी जसंच्या तसं बसवीन. तुझ्या ट्रॅक्टरला कळणार नाही.”

“मला कळेल. आणि ऐक, आर्डी,” ऑर्लिनच्या डोळ्यांत मिश्किलपणा आला, “फळ्यावर काय लिहिलंय? स्वतःच्या. खांब माझे. उसन्यावर मुक्काम नाही. काय ड्वेन?”

ड्वेन दारात उभा होता. तो विचारात पडला, खरंच पडला. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “शिवाय फळ्यावर मेखा लिहिलंय. मढी नाही लिहिलं.”

“मेख म्हणजे काय रे?” आर्डिसनं विचारलं.

“जी जमिनीत असते आणि हलत नाही ती.”

“मग?”

ड्वेननं मान हलवली. तो मुद्दा निकालात निघाला. राहिले खांब. आर्डिस विमानाकडे गेली, वड्यांचं ताट घेऊन परत आली आणि तिनं ते ऑर्लिनच्या मांडीवर ठेवलं. ऑर्लिननं झाकण उचललं. आत ताटभर रुबार्बच्या वड्या, वर ओटच्या चुऱ्याचा तांबूस थर.

“सगळ्या?” त्यानं विचारलं.

“सगळ्या. तीन खांबांच्या बदल्यात.”

“सौदा,” ऑर्लिन म्हणाला, आणि पहिली वडी तोंडात असतानाच, “आता ते तिचे,” असं त्यानं ड्वेनला सांगितलं.

दोन वाजून गेले होते. आर्डिस, तुआ आणि दोन फावडी. तिनं पंखांखाली आणि शेपटाखाली जागा आखल्या, हिरवळीचे चौकोन कापून पाठीवर उलटे मांडले आणि खणायला सुरुवात केली. ऑगस्टची माती वरून विटेसारखी. हातभर खाली गेल्यावर ती काळी, थंड आणि मऊ लागली. तुआ खणत होता, आर्डिस भिंती सरळ करत होती. “उभ्या कर, उतरत्या नको,” ती म्हणत होती. “न खणलेल्या मातीनं त्याला धरायचंय, आपण खणलेल्या नाही.” रांगेतली माणसं खुर्च्या उचलून जवळ आली. एकानं विचारलं, अंत्यविधी किती वाजता. दुसऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली. आर्डिस मातीत गुडघ्यावर बसून हसत होती. तिच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि चष्मा पुन्हा पुन्हा खाली घसरत होता.

पहिला खांब आडवा बसला. मधोमध दोर बांधला, दोराला पंखाच्या बाजूनं तिरपी वाट करून दिली, माती थराथरानं टाकून पायांनी तुडवली. मग दुसरा. मग शेपटाचा. तीनला पाच मिनिटं असताना वरची हिरवळ परत बसली आणि खड्डे होते कुठं हे शोधावं लागलं.

आता बसायचं. ड्वेननं पहिला दोर कमरेला गुंडाळला आणि टाचा रोवून मागे बसला. काहीच झालं नाही. पण कुणाचंच समाधान झालं नाही, ड्वेनचं तर मुळीच नाही.

“मी बसलो काय आणि चिमणी बसली काय,” तो म्हणाला. “ऑर्लिनला बोलवा.”

“मी बसते की,” आर्डिस म्हणाली.

“स्वतःच्या दोरावर नाही, बॉस. आपलं विमान असलं की माणूस हळू बसतो.”

ऑर्लिन चुरा पुसत आला. त्यानं पहिला दोर घेतला आणि बसला. दोर सतारीच्या तारेसारखा ताणला गेला. जमीन हलली नाही. लोक ओरडले. दुसरा दोर, जमीन हलली नाही. तो शेपटाकडे गेला, टाचा रोवल्या, बसला, आणि त्याच्यासमोरची हिरवळ एका बाजूनं बोटभर वर उचलली गेली.

ऑर्लिन उठून उभा राहिला. “आर्डी,” तो हळू आवाजात म्हणाला, “फार नाही हललं.”

आर्डिस त्या उचललेल्या हिरवळीकडे बघत होती. बोटभर. तिनं डोळे मिटले. तो गोड बोलणारा माणूसही असंच म्हणाला होता, फार नाही हलत.

“नापास,” ती म्हणाली. ड्वेनच्या आधी ती म्हणाली.

तीन वाजून दहा मिनिटं. पश्चिमेला आकाश अजून निळंच होतं. पण नदीची चकाकी गेली होती. “वीस मिनिटं आहेत,” ड्वेन म्हणाला आणि घड्याळ मनगटावरून काढून हातात धरलं. आर्डिस पुन्हा गुडघ्यावर. तिनं आणि तुआनं माती काढली तेव्हा कळलं: घाईत शेवटचा खड्डा वीतभर उथळ राहिला होता, आणि एका बाजूला कुठल्या जुन्या उंदराचं बीळ होतं, त्यात माती पोकळ बसली होती. तुआनं वीतभर खोल खणलं. ऑर्लिन न सांगता गेला आणि गोठ्याच्या पायाचे दोन दगड पोटाशी धरून घेऊन आला. श्वास लागला होता, पण बोलणं चालूच होतं. “हे माझ्याकडून,” तो म्हणाला. “वड्या जास्तच चांगल्या होत्या.” ड्वेन काहीतरी म्हणायला गेला, ऑर्लिन म्हणाला, “त्याही सौद्यातच, पोरा, वेळ बघ तू.” दगड खांबाच्या पुढ्यात आडवे बसले. माती पडली. तिघेही त्यावर नाचल्यासारखे तुडवू लागले, आणि कडेचा कुणीतरी तोंडानं पोल्का नाचाची चाल वाजवू लागला, तसे आणखी चौघे येऊन तुडवू लागले.

साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना ऑर्लिन बसला. हळू नाही. तीनशे पौंड एकदम सोडून दिले. चँपचं शेपूट खाली दबलं, पंख थरथरले, दोरातून बारीक आवाज आला. ड्वेन पोटावर पालथा पडून हिरवळीच्या पातळीवर डोळा लावून बघत होता. सगळे त्याच्याकडे.

“पुन्हा,” तो म्हणाला. ऑर्लिन पुन्हा बसला.

ड्वेन उठला, गुडघ्यावरचं गवत झाडलं, खिशातून खडू काढला आणि चँपच्या टायरवर आडवी रेघ ओढली. पास झालेल्या विमानाला आर्डिस अशीच रेघ ओढायची. मग तो आर्डिसकडे आला आणि दुधाच्या टँकरवाल्याला शोभणार नाही अशा आवाजात म्हणाला, “मुक्काम.”

वादळ पावणेसहाला आलं. सगळे शेडमध्ये पेरणीयंत्रापाशी दाटीवाटीनं उभे होते. पत्र्यावर पावसाचा असा मारा की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागत होतं. एरवी आर्डिस दारातल्या फटीला डोळा लावून रांगा मोजत असे. आज दारात ड्वेन होता. ती तिच्या जुन्या लोखंडी खाटेवर बसून तुआचा चिकट भात हातानं खात होती, ठेचा लावून लावून. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिला ते फार आवडत होतं.

वीस मिनिटांत वारा पुढं निघून गेला. ड्वेननं दार सरकवलं. ओल्या कुरणावर तिरपं पिवळं ऊन पडलं होतं. एक पोर्टेबल संडास आडवा झाला होता, शेगडीवरचा मांडव मक्यात जाऊन बसला होता आणि विमानं सगळी जागच्या जागी होती, एकूण एक. चँप त्यांच्यात उभं, पंखांवरून पाणी ठिबकत, तिन्ही दोर सरळ जमिनीत गेलेले, वर मेखेची खूणही नाही.

तंबू लावायला आर्डिसनं कुणाला हात लावू दिला नाही. कोरडी झोपायची पिशवी आत पसरली. मग ती पंखाखाली, तंबूच्या तोंडाशी, पाय बाहेर टाकून बसली. पंखाच्या पोटाला कापडाचे बारीक टाके होते. तिनं एकतीस वर्षं ते उभ्यानं पाहिले होते, पंखाखाली बसून कधी नाही. तुआनं विचारलं, “मावशी, कसं वाटतं?” “छप्पर जरा ठेंगणं आहे,” ती म्हणाली. “पण शेजार चांगला आहे.”

खालून शेगडीचा धूर पुन्हा चढू लागला. चर्चवाल्यांनी कोंबडी वाचवली होती. आर्डिसनं बूट-मोजे काढून पंखाच्या दांडीवर वाळत घातले, पत्र्याची ताटली घेतली आणि ती पाचव्या रांगेतून निघाली. अनवाणी, मातीनं माखलेल्या गुडघ्यांनी, भिजलेल्या लसूणघासातून, विमानांनी चालायच्या मोकळ्या वाटेच्या अगदी मधोमध. तिथून माणसांनी चालायचं नाही, हा तिचाच नियम. ऑर्लिन रिकाम्या ताटावर बोट फिरवत बघत होता, तुआ बघत होता, आणि ड्वेन हातातली सुतळी तशीच धरून बघत होता. त्यानं तिला कडेनं जा म्हणण्यासाठी तोंड उघडलं, आणि मग ते मिटून तो, ती धुरापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत, तसाच उभा राहिला.